व्याज तळ्यात, मुद्दल नदीत

अहिल्यानगर जिल्ह्याची, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरची, ओळख बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींनी असते: अवर्षण आणि साखर. मासळीशी या जिल्ह्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक, महाराष्ट्राच्या पठारावर गोड्या पाण्याचे इतके विस्तृत साठे लाभलेले जिल्हे थोडेच आहेत. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले अकरा टीएमसीचे, म्हणजे ११ अब्ज घनफुटांचे, भंडारदरा धरण; त्याच्या खाली निळवंडे; राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदी अडवून झालेला २६ टीएमसीचा ज्ञानेश्वरसागर; नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या शिवारापर्यंत पसरलेले जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी; आणि दक्षिणेस कर्जत तालुक्यात भीमेच्या पात्रात चढून आलेला उजनीचा फुगवटा. यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचे अस्तर घातलेली हजारो शेततळी आली. ज्या जिल्ह्यात पावसाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, त्या जिल्ह्यात मत्स्यव्यवसायाची भाषा बोलली जाऊ लागली आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि विमा या बाबतींत मच्छीमाराला व मत्स्यशेतकऱ्याला शेतकऱ्याच्या पंक्तीला बसविणारा हा निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि शेतीचा दर्जा मिळाला की शेतीचा पहिला नियमही लागू होतो. बियाणे मोडून खाऊ नये, हा तो नियम. मत्स्यशेतीचे बियाणे कोठे असते? ते मत्स्यबीज केंद्राच्या टाकीत असते, हे उत्तर अर्धेच खरे आहे. टाकीतले बियाणे ज्या मूळ साठ्यातून आले, तो साठा नदीत असतो. तळ्यातील उत्पन्न हे व्याज आहे. मुद्दल नदीत आहे. आपण आज व्याज वाढविण्याच्या योजना आखीत आहोत आणि मुद्दलाचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही.

नावांत राहिलेली नदी

हे मुद्दल किती होते, याची एक जुनी साक्ष उपलब्ध आहे. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी पाहणी करीत होता. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे जिल्हे त्याच्या कक्षेत होते. या भ्रमंतीत त्याने इथल्या माशांचीही नोंद केली आणि ती लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवून १८३९ साली जाहीर केली. त्या नोंदींत भीमेवरील 'पैरगाव' हे ठिकाण येते. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावाशी त्याचा मेळ बसतो. पेडगावचे नाव आपल्याला बहादूरगडामुळे ठाऊक असते. माशांच्या शास्त्रातही त्याला स्थान असावे, याची कल्पना जिल्ह्यातल्या फारच थोड्यांना असेल.

सायक्सने एक गोष्ट फार चांगली केली. भोई आणि कोळी लोकांच्या तोंडची नावे ऐकून त्याने त्यांचीच लॅटिन नावे बनविली. त्यामुळे जगातील प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञाला आजही 'टॉर खुद्री', 'हिप्सेलोबार्बस कोलुस', 'लॅबिओ पोटेल', 'थिनिक्थिस सांडखोल' अशी मराठमोळी नावे उच्चारावी लागतात. शिंगटी, अळकुट, गोगरा हे शब्दही याच वाटेने शास्त्रात गेले. दख्खनच्या नद्यांत समुद्रातून चढून येणाऱ्या अहिर माशाला त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले होते. शास्त्राने पुढे ते टिकविले नाही, पण नदी आणि समुद्र यांचा संबंध त्या काळी अबाधित होता, एवढे त्यावरून कळते.

आता या नामावलीची आजची स्थिती पाहावी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पोटेल आणि सांडखोल हे संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहेत; कोलुस हा असुरक्षित गटात आहे. गोदावरीच्या वरच्या खोऱ्याचे उदाहरण याहून गंभीर आहे. देवळालीच्या परिसरातून १९३८ साली होरा आणि मिश्र यांनी वर्णिलेला, दगडाला चिकटून राहणारा एक चिमुकला मासा आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. म्हणजे मराठी नाव शास्त्रात अमर झाले आणि त्या नावाचा मासा मात्र मराठी मुलखातून उठून जाण्याच्या बेतात आहे.

पाणी वाढले, मासा का घटला?

येथे साहजिकच शंका येईल. धरणांमुळे पाणी वाढले आहे. मग मासे कमी का व्हावेत? याचे उत्तर असे की, माशाला नुसते पाणी पुरत नाही. त्याला नदी लागते. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर आपले अनेक देशी मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि ओढ्यांच्या उथळ, खडकाळ, वाळूच्या जागी अंडी घालतात. ग्रामीण भागात ज्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात ते हेच. पूर ओसरल्यावर पिले खाली येतात आणि उन्हाळ्याचे महिने खोल डोहांत काढतात. म्हणजे त्यांच्या संसाराला तीन गोष्टी हव्यात: चढण्याची मोकळी वाट, अंडी घालण्याची जागा आणि उन्हाळ्यातला डोह.

या तिन्हींवर आपण घाव घातला आहे. धरणांनी व बंधाऱ्यांनी वाट अडविली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यापूर्वी वेळेवर निघाले तर मासा वर जाऊ शकतो. बर्गे अडकून राहिले, किंवा बंधारा मुळातच पक्क्या भिंतीचा असला, तर तो मार्ग बंदच होतो. प्रवरा, मुळा, सीना, भीमा या नद्यांच्या पात्रांतील वाळूच्या बेसुमार उपशाने अंडी घालण्याच्या जागा नाहीशा केल्या. वाळूबरोबर शिंपलेही गेले. या शिंपल्यांची गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे. गोड्या पाण्यातील शिंपल्याची अळी काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढते आणि मोठा झालेला शिंपला पाणी गाळून स्वच्छ करतो. मासा नसेल तर शिंपला नाही, आणि शिंपला नसेल तर पाणी निर्मळ नाही, असे हे परस्परांचे ऋण आहे.

राहिला डोह. अवर्षणाच्या वर्षी धरणातील उपयुक्त साठा संपला की मृतसाठ्यात पंप बसवून पाणी उपसले जाते. माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना याला कोणी आक्षेप घेणार नाही आणि घेऊही नये. परंतु तहान भागविण्याच्या नावाखाली पाणी उसालाही जात असेल, तर तेथे मात्र विचारले पाहिजे. कारण ज्याला आपण मृतसाठा म्हणतो, त्यातच पुढच्या मोसमात अंडी घालणारे मासे जिवंत असतात.

त्यात भर प्रदूषणाची. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला आणि १९५० च्या सुमारास तेथे गाळप सुरू झाले, याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. तथापि कारखान्यांबरोबर आसवन्या आल्या. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे काळपट सांडपाणी प्रक्रियेविना नदीत आले, तर पाण्यातील प्राणवायू ते इतक्या झपाट्याने शोषून घेते की मासे गुदमरून वर येतात. उन्हाळ्यात प्रवाह नसलेल्या डोहात असे पाणी एकदा जरी शिरले, तरी अनेक वर्षांची मत्स्यसंपदा एका रात्रीत संपते. शेतातून वाहून येणारी खते आणि कीटकनाशके, शहरांचे मैलापाणी यांचा परिणाम इतका नाट्यमय नसतो. म्हणून तो अधिक धोकादायक असतो.

गोदावरीच्या खोऱ्यातील पाण्यावर नगर, नाशिक आणि मराठवाडा यांचा वाद गेली अनेक वर्षे चालू आहे. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. प्राधिकरण बसले, न्यायालयांचे उंबरठे झिजले. या वादात पिण्याचे पाणी, शेती, उद्योग या सर्वांचे वकील उभे राहतात. नदीचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न मात्र कोणाच्याही कैफियतीत ठळकपणे आढळत नाही. भोयांचा, अकोल्याच्या डोंगरातील महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा वाटाही त्याच न विचारलेल्या प्रश्नात बुडालेला आहे.

परके पाहुणे

मासे घटले म्हणून सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. कटला, रोहू आणि मृगळ या गंगेच्या खोऱ्यातील माशांचे बीज दरवर्षी धरणांत सोडले जाते. पुढे सायप्रिनस, चंदेरी आणि गवत्या हे परदेशी मासे आले. चंदेरी आणि गवत्या १९५९ साली भारतात आणले गेले. या माशांनी लक्षावधी लोकांना स्वस्त अन्न दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कटला, रोहू व मृगळ यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. धरणाच्या निश्चल पाण्यात ते सहसा वीण करीत नाहीत. म्हणून बोटुकली दरवर्षी नव्याने विकत घ्यावी लागते. ज्या संस्थेने किंवा ठेकेदाराने ठराविक वर्षांच्या ठेक्यावर जलाशय घेतला, त्याचे लक्ष सोडलेल्या बीजाचे पैसे वसूल करण्याकडे असणार. आपोआप वाढणाऱ्या देशी माशाची काळजी त्याने का वाहावी? दोष व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

काही पाहुणे मात्र घरच बळकावून बसले. तिलापिया हा आफ्रिकी मासा १९५२ साली भारतात आला. १९५९ साली त्याच्या प्रसारास प्रतिबंध करण्याचे ठरले, पण तोवर उशीर झाला होता. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि घाण पाण्यातही तग धरते. उजनीच्या काठी 'चिलापी' या नावाने तो इतका रूढ झाला आहे की, तो परका आहे हे नव्या पिढीला सांगूनही पटणार नाही. आज शेकडो कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटते, हेही खरे. त्यामुळे त्याला हाकलण्याची भाषा व्यर्थ आहे. पण नव्या जलाशयांत तो जाऊ न देणे शक्य आहे. आफ्रिकी मांगूरची गोष्ट अधिक कडू आहे. समोर येईल ते खाणारा, हवेतून श्वास घेऊन ओल्या जमिनीवरूनही सरकणारा हा मासा. त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आणि पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही कडक आदेश दिले. तरीही उजनीच्या काठावर त्याची अवैध तळी उभी राहिली आणि ती उद्ध्वस्त करण्यासाठी मोहिमा काढाव्या लागल्या.

परका म्हणजे परदेशीच असे मात्र समजू नये. आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण बोलके आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने, राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाने, १९७० च्या सुमारास महाशीर माशाची कृत्रिम वीण यशस्वी केली. सायक्सने 'खुद्री' म्हटलेला हाच मासा. नष्ट होऊ पाहणाऱ्या माशाची लाखो पिले निर्माण करणारे हे काम खरोखर थोर होते. परंतु ही पिले देशभर वाटली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तेथला स्वतःचा कुबडा महाशीर होता. आपला खुद्री तेथे इतका बोकाळला की, कावेरीचा मूळ रहिवासी हटत गेला आणि २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. सदिच्छेने केलेले संवर्धनही, नदी न ओळखता केले, तर दुसऱ्या माशाच्या मुळावर येते.

तळ्याला नदीची गरज

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की, नदीतले मासे गेले तर जावोत. आपण शेततळ्यात मासे वाढवू. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण मत्स्यशेतीचा इतिहासच त्याच्या विरोधात साक्ष देतो.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे टोचण देऊन देशी माशांची तळ्यात वीण घडवून आणली. तो दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वी मत्स्यजिरे पुराच्या वेळी नदीतूनच गोळा करावे लागत. चौधरींच्या शोधाने तळे नदीपासून स्वतंत्र झाले असे वाटले. पुढे ध्यानात आले की, त्याच त्या नर-माद्यांपासून पिढ्यान् पिढ्या बीज काढीत राहिले की वाढ खुंटते आणि रोग बळावतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने जेव्हा अधिक वेगाने वाढणारा 'जयंती रोहू' तयार करावयाचे ठरविले, तेव्हा शास्त्रज्ञ कोठे गेले? गंगा, गोमती, यमुना, ब्रह्मपुत्रा आणि सतलज या नद्यांकडे. त्या नद्यांतील रानटी रोहू एकत्र करून, निवड करीत करीत १९९७ साली ती सुधारित जात प्रसृत झाली. नद्यांत ते वैविध्य उरलेच नसते, तर प्रयोगशाळेने निवड कशातून केली असती?

किंबहुना आपल्या शेततळ्यात चालणारी मिश्र मत्स्यशेती हा वैविध्याचाच धडा आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून एकाच पाण्यात तिघे सुखाने वाढतात आणि उत्पन्न अधिक येते. तीन-चार जातींची ही व्यवस्था माणसाने बसविली. नदीने हीच व्यवस्था कितीतरी अधिक जातींची बसविली होती, आणि तिला बीजाचा, खाद्याचा वा विजेचा खर्च नव्हता. आठवड्याच्या बाजारात वाटे मांडून विकली जाणारी बारीक मासळी ही त्याच व्यवस्थेची देणगी. ती काट्यासकट खाल्ली जाते आणि गरिबाच्या मुलाला त्यातून चुना व प्रथिने मिळतात. दोन किलोचा कटला शहरात जातो. वाट्यातली मासळी गावात राहते. ती नाहीशी झाली तर त्याची नोंद कोणत्याही उत्पादनाच्या तक्त्यात होत नाही, पण ताटात होते.

काय करता येईल?

धरणे पाडा, कारखाने बंद करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. जे करता येण्याजोगे आहे, ते फारसे खर्चाचेही नाही.

पहिली गोष्ट विणीच्या काळाची. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि सारा कोकणकिनारा ती बंदी ओळखतो. नद्यांवर आणि जलाशयांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशी मात्र याच दिवसांत पोटात गाभोळी असलेल्या माद्या सर्रास पकडल्या जातात. चढणीच्या सहा-आठ आठवड्यांत निदान ही मुखे मोकळी राहिली पाहिजेत. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांना त्या काळात निर्वाहसाहाय्य दिल्याखेरीज ही बंदी न्याय्य ठरणार नाही. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा साहाय्याची तरतूद आहे; ती नदीकाठच्या भोयापर्यंत पोहोचविली पाहिजे. बोटुकलीसुद्धा न सोडणारी बारीक आसाची जाळी, ज्यांच्या मासेमारीला उजनीकाठी 'वडाप' म्हणतात, तीही आवरली पाहिजेत. स्फोटके आणि विष यांचा वापर तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट डोह राखण्याची. ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आणावयाची नाही. महाड तालुक्यातील वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे म्हणून मासे पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत. आता कायद्याचाही आधार आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका नव्या माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. प्रवरा, मुळा, सीना आणि भीमा यांच्या काठी तालुक्यातालुक्यात असा एखादा डोह वाळूच्या उपशापासून आणि जाळ्यापासून अभय देऊन राखला, तर त्यातून सुटणारी पिले आसपासच्या मच्छीमारांच्याच जाळ्यात येतील. राखीव डोह हा मच्छीमाराविरुद्ध नाही; ती त्याची ठेव आहे.

तिसरी गोष्ट ठेक्यांची व बीजाची. जलाशयाचा ठेका देताना देशी मासे टिकविण्याची अट आणि तिची तपासणी हवी. त्याच खोऱ्यातील माशांचे बीज त्याच खोऱ्यात सोडावे, हा कावेरीने शिकविलेला नियम आपल्या मत्स्यबीज केंद्रांनी पाळावा. बर्गे वेळेवर काढणे, नव्या बंधाऱ्यांत माशासाठी वाट ठेवणे, टंचाईतही मृतसाठ्याचा तळ पिण्याच्या पाण्याखेरीज कशासाठीही न उपसणे, या गोष्टी पाटबंधारे खात्याला अशक्य नाहीत.

चौथी गोष्ट हिशेबाची, आणि ती या पानाच्या वाचकांच्या हाती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. हरित लवादाने मुदत घातल्यावर २०२० च्या आगेमागे ठिकठिकाणी या वह्या घाईघाईने पुऱ्या झाल्या. आपल्या गावची वही काढून तिच्यात माशांची किती नावे आहेत, हे एकदा पाहावे. पंचायतीच्या कार्यालयात बसणाऱ्या लिपिकाने ती दाखविण्यास, शिक्षकाने ती तपासण्यास आणि विद्यार्थ्याने वृद्ध भोयाला विचारून तिच्यातील गाळलेल्या जागा भरण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग यांनी या नोंदींना शास्त्राची जोड दिली, तर पाच-सहा वर्षांत जिल्ह्याच्या नद्यांचा ताळेबंद तयार होईल. घोड्यावरून फिरणाऱ्या एका परकी अधिकाऱ्याने जे काम दोनशे वर्षांपूर्वी केले, ते येथील शिकल्यासवरल्या लोकांना जड जाऊ नये.

सायक्सला खुद्री, कोलुस आणि पोटेल ही नावे सांगणारे लोक निरक्षर होते. पण त्यांना आपली नदी वाचता येत होती. आज नदीकाठी शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, मत्स्यशेतीची अनुदाने आहेत. शेततळ्यांतून मासळीचे पीक यावे, ते वाढावे, यात दुमत नाही. फक्त ते पीक ज्या बियाण्यावर उभे आहे, त्याची कणगी रिकामी होत असताना आपण सुगीचे हिशेब मांडू नयेत, एवढेच सांगणे आहे.